पुलावरची तपासणी

प्रिय ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही म्हणून दुसऱ्यात रागावली आहेस, ते बरोबरच आहे. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ भरपूर होता. इथे आठ तास ड्यूटी असते आणि उरलेला वेळ खाटेवर पडून तंबूचं कापड बघायचं. मी धडधाकट आहे. छकुलीचा खोकला अजून गेला नाही असं लिहिलंस. कॅम्पासाठी घेतलेल्या शाळेच्या त्या वर्गात तिला खिडकीपासून लांब झोपव, आणि नर्सबाईंच्या मागे लाग. मागे लागल्याशिवाय सध्या कुठेच काही मिळत नाही.

तुम्ही पुलावर नेमकं करता तरी काय, असं विचारलंस. सुरुवातीला आम्हाला बंदुका दिल्याच नव्हत्या. जाळी, दोर आणि कोपरापर्यंतचे जाड हातमोजे. सिनेमात ज्यांना झॉम्बी म्हणतात त्यांना आमच्या कागदावर ‘बाधित’ म्हणायचं, जिवंत धरायचं आणि स्टेडियममध्ये नेऊन कोंडायचं. डॉक्टर औषध शोधतील, असा हुकूम होता. आठ दिवस आम्ही धरत राहिलो. नवव्या दिवशी स्टेडियमचं फाटक आतून मोडलं आणि आमच्या तुकडीतले निम्मेच परत आले. मग हुकूम बदलला. नदीपलीकडचं शहर सोडून द्यायचं, दोन पूल उडवायचे, एक ठेवायचा, आणि त्या एकावरून जो कोणी येईल त्याला तपासून आत घ्यायचं.

ते आवाजाकडे येतात हे कळल्यावर पलीकडच्या दगडखाणीत भोंगे लावले. रेकॉर्डिंग आमच्या हवालदारसाहेबांचं, कवायतीच्या आरोळ्यांचं. साहेब म्हणाले, सत्तावीस वर्षं माझा आवाज ऐकून माणसं लांब पळाली, आता पहिल्यांदाच कुणीतरी जवळ यायला लागलंय. आम्ही पोट धरून हसलो. खाण भरली तेव्हा तोफा डागल्या. मग शिट्टी झाली आणि आम्ही ताटं घेऊन रांगेत उभे राहिलो. मला वाटलं होतं अशा वेळी माणसाला काहीतरी होत असेल. काही होत नाही. भाजीत मीठ कमी आहे, हे कळतं.

माझं काम तपासणीचं. डोळ्यांत बॅटरी मारायची, बाह्या वर, पायजमा गुडघ्यापर्यंत, मानेवरचे केस बाजूला. चावा नसेल तर उजवीकडे, तुमच्या कॅम्पांच्या गाड्या उभ्या असतात तिकडे. असेल तर पिवळ्या पट्ट्यापलीकडच्या तंबूत. चावल्यापासून माणूस पाच-सहा तास माणूस राहतो, त्याच्या आत काम उरकायचं असतं. तंबूची ड्यूटी पाळीपाळीने येते. आपलं माणूस समोर आलं तर सांगायचं, साहेब दुसऱ्याला पाठवतात.

दोन्ही पत्रांत तू भाऊजींबद्दल विचारलंस. मला ते आठवतात ते भरतीच्या मैदानावरचे. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आईने डोळ्यांना पदर लावला होता, आणि तुझ्या लग्नाला जेमतेम चार महिने झालेले असताना हा नवा जावई आपली साप्ताहिक सुट्टी खर्ची घालून मला मैदानावर घेऊन आला. मी धावत असताना कुंपणावर बसून ओरडत होते, धाकटे, बस सुटली, पळ! शेजारची पोरं फिदीफिदी हसली. मी पहिली आले.

ते पुलावर आले होते, ताई. गेल्या मंगळवारी, दुपारी.

लष्कराने बसगाड्या आणि ड्रायव्हर ताब्यात घेतले तेव्हा तुला आणि छकुलीला पहिल्या फेरीत बसवून ते मागे राहिले, हे तुला माहीतच आहे. त्यानंतर त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. ही सातवी. गाडीत वृद्धाश्रमातली एकोणतीस माणसं होती, दोन चाकाच्या खुर्च्या, आणि एक आजी जिने कुकर मांडीवर घट्ट धरला होता. सगळ्यांना तपासलं. एकालाही ओरखडा नव्हता. सगळे उजवीकडे गेले. भाऊजी सीटवरच बसून राहिले. मी दाराशी गेले तर म्हणाले, बॅटरी नको, मीच सांगतो. डाव्या बाहीचं बटण काढून चावा दाखवला. डेपोतून निघताना दार लावायला उशीर झाला होता. साडेतीन तास झाले होते.

हवालदारसाहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ओळखीचे आहेत का? मी काही बोलायच्या आत भाऊजीच म्हणाले, नाही साहेब, मॅडमना मी आजच पाहतोय. त्या दिवशी तंबूची पाळी माझीच होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्यावर बालंट नको, एवढाच त्यांचा विचार असणार. मी त्यांचं बोलणं खोडलं नाही. हो म्हटलं असतं तर त्यांच्याबरोबर दुसरं कुणीतरी आत गेलं असतं.

गाडी रस्त्यात आडवी होती. त्यांनी ती मागे घेतली, कठड्याला समांतर लावली, हँडब्रेक ओढला, किल्ली माझ्या हातात दिली. पट्ट्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. आत गेल्यावर त्यांनी तुझं नाव घेतलं, छकुलीचं घेतलं, निरोप काही दिला नाही. मी विचारलं, तर म्हणाले, सुचत नाही गं. मग चष्मा काढला, पुसला, घडी करून खिशात ठेवला. मागच्या डाव्या टायरात हवा कमी आहे, म्हणाले, जो कोणी गाडी नेईल त्याला सांग. मी सांगते म्हटलं. मग त्यांनी पाठ वळवली, आणि मी माझं काम केलं. बाहेर येऊन किल्ली जमा केली, टायरचं सांगितलं, आणि पुढच्या माणसाला बाही वर करायला लावली.

येत्या आठवड्यात तुमच्या कॅम्पात छापील कागद येईल. त्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता’ लिहिलेलं असेल. तंबूतल्या प्रत्येकाच्या नावापुढे तेच लिहितात. खरं कळलं तर घरचे लोक फाटकं तोडतील अशी वरच्यांना भीती आहे. हे बाहेर सांगायला बंदी आहे, म्हणून हे पत्र टपालात न टाकता तुमच्या कॅम्पाच्या गाडीबरोबर इथे आलेल्या नर्सबाईंच्या हाती देते आहे. तू लिहिलंस की प्रत्येक गाडी आली की तू फाटकाशी जाऊन उभी राहतेस, आणि शेजारची खाट कुणाला देत नाहीस. तो कागद वाचून तू वर्षानुवर्षं तशीच उभी राहशील, मी तुला ओळखते. ताई, खाट देऊन टाक. गाडी आली तरी फाटकाशी जाऊ नकोस. ते हरवलेले नाहीत. हे मी ऐकलेलं नाही, मी केलेलं आहे.

ठेवशील तर तुझीच,
धाकटी