समोरच्या सोळा फुटांची व्यवस्था

मी, बद्रुन्निसा रशीद शेख, वय वर्षे बहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर (हात आधी अहमदनगरच लिहून गेला, खोडले आहे), आज दिनांक २ एप्रिल २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकण्याइतके जवळ कोणी राहतच नाही. ईद झाली, मुलगा पुण्याला गेला, मुलगी शेवगावला गेली, घर मोकळे झाले आणि मी कागद घेऊन बसले. बुद्धी शाबूत आहे. कान थोडे कमी झालेत, पण ते ज्यांचे ऐकायचे नाही त्यांच्यापुरतेच. घरात आम्ही दखनी बोलतो. परंतु छत्तीस वर्षे पोरांना मराठी शिकवली, त्यामुळे भांडायचे आणि लिहून द्यायचे ते मराठीतच जमते. मसुदा वकील माधुरी साळवे तपासणार आहे. चौथीत असताना तिचे शुद्धलेखन मी तपासत होते, आता तिची पाळी.

कलम १. मला दोन अपत्ये, फैयाज आणि मेहविश. आमच्या कायद्याप्रमाणे मुलाला दोन हिस्से आणि मुलीला एक. ती वाटणी माझी नव्हे, तीत मी ढवळाढवळ करत नाही. मात्र त्याच कायद्याने मला एक सवलत दिली आहे. मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत मी वारसांबाहेरच्या कोणालाही देऊ शकते, त्याला मुलांची संमती लागत नाही. ही सवलत मी पुरेपूर वापरणार आहे. फैयाज, पुढचे वाचायच्या आधी पाणी पिऊन घे.

कलम २. घर माझ्या नावावर आहे. कर्ज माझ्या पगारावर निघाले आणि बांधकाम माझे मरहूम यजमान रशीद यांनी केले. ते गवंडी होते. कागदावर कधी नकाशा काढला नाही, काडीने मातीत रेघा मारायचे आणि मला म्हणायचे, "यहाँ खडी हो, देख धूप आती क्या." मी पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची आणि त्याप्रमाणे खिडकी सरकायची. पश्चिमेला खिडकी ठेवली नाही, कारण दुपारचे ऊन पाहुणा म्हणून येते आणि मुक्काम करते. समोर रस्त्याच्या बाजूला चौतीस फूट लांब, सहा फूट रुंद, दीड फूट उंच असा शहाबादी फरशीचा ओटा केला. दीड फूटच का, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसता आले पाहिजे आणि बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सहा फूटच का, तर त्या मापात गोधडी पसरता येते.

गोधडीचे सांगायला हवे. छबूबाई आमच्याच गल्लीतली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून लोकांच्या जुन्या साड्या-धोतरांच्या गोधड्या शिवून देते. तिच्या खोलीत गोधडी उलगडायला जागा नव्हती. रशीदनी तिला ओट्याच्या उजव्या टोकाला बसवले आणि सत्तावीस वर्षे ती तिथे बसली. तिच्या सुया ढाळावरून घरंगळतात असे दिसल्यावर त्यांनी एका फरशीत छिन्नीने वाटीएवढा खळगा कोरून दिला. सुया, रिळे, अंगुस्तान, सगळे त्यात. त्याला कोणी डिझाइन म्हणाले नाही. यजमानांनाही तो शब्द माहीत नव्हता.

कलम ३. सन २०२३ मध्ये फैयाजने घराचे नूतनीकरण केले. खर्च सगळा त्याचा, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. त्याने नगरहून तुषार नावाचे डिझायनर आणले. माणूस सभ्य होता, चहाला नाही म्हणाला नाही. काही कामे चांगलीच झाली. न्हाणीघरातला धरायचा दांडा चांगला, स्वयंपाकघराचा कट्टा सूनबाईने माझ्या कोपराचे माप घेऊन करून घेतला तोही चांगला. त्याबद्दल दहापैकी सात गुण देते.

बाकीचे सांगते. तुषार म्हणाले, घराचे आत आणि बाहेर एकमेकांशी बोलले पाहिजे. म्हणून ओटा तोडला आणि त्यामागची दहा फुटांची माझी झोपायची खोलीही पाडली. त्या सगळ्याचा मिळून एक सिटआउट झाला. आता आत आणि बाहेर खरोखर बोलतात. बारा ते पाच ऊन आत येते आणि एकटेच बोलत बसते. वर काचेचे छप्पर आहे. खाली आरशासारखी टाइल आहे, तिच्यावरून एप्रिलमध्ये चालायचे तर मोजे घालावे लागतात आणि मोजे घातले की घसरायला होते. पांढरे गोटे आहेत, ते गल्लीतल्या मांजरांनी आपल्या सोयीसाठी केले असे समजून वापरायला घेतले. पुढे काचेचे रेलिंग आहे. मागच्या दोन वर्षांत या बाहेर राहायच्या जागेत कोणीही राहिलेले नाही. फोटो मात्र छान येतो, असे फैयाज म्हणतो. तो पुण्यात बसून फोटोच बघतो, त्यामुळे त्याचे खोटे नाही.

कलम ४. किरकोळ वस्तू.

अ) अंड्याच्या आकाराचा टांगता झोपाळा मेहविशने न्यावा. मी त्यात एकदा बसले होते. बाहेर काढायला गवंडी रंभाजी आणि त्याचा भाऊ अशी दोन माणसे लागली.

आ) प्लास्टिकची हिरवळ रंभाजीला. त्याच्या शेळीने ती एकदा तोंडात घेऊन माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर ती तिला खायला म्हणून देता येणार नाही. पाय पुसायला वापरावी.

इ) तुषार यांनी चपलांच्या कपाटावर पाणी सोडणारे बुद्धाचे शिर बसवले होते. त्याने शांत वाटते म्हणाले. माधुरी घरी आली, तिने ते पाहिले आणि स्वतःच्या चपला उचलून लांब नेऊन ठेवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याच संध्याकाळी मी ते उतरवले, नळी काढली, स्वच्छ पुसून पुस्तकांच्या कपाटावर ठेवले. ते माधुरीच्या आईकडे जावे, त्यांच्या घरी बुद्धाची वंदना होते.

ई) यजमानांची थापी आणि काटकोन बघायचा गुण्या रंभाजीला, तो त्यांच्याच हाताखाली शिकला. ओळंबा तुषार यांना. भिंत सरळ आहे की नाही ते त्याने कळते. त्यांना कामात उपयोग नसला तरी टेबलावर शोभून दिसेल.

कलम ५. आता मुख्य. रशीद यांच्या टेपने मी परवा घर मोजले. रस्त्याकडची लांबी चौतीस फूट, पुढून मागे अठ्ठेचाळीस फूट. जुना ओटा सहा फूट होता, म्हणजे घराचा जेमतेम आठवा भाग. फैयाजने त्यात माझी दहा फूट खोली मिळवली आणि ते सोळा फूट झाले. अठ्ठेचाळीसात सोळा किती वेळा जातात, हे तिसरीतल्या पोराला विचारा. माझ्या मुलाने स्वतःच्या खर्चाने समोरची जागा नेमकी एक तृतीयांश करून दिली. माधुरी म्हणते, क्षेत्रफळ नाही, किंमत धरतात. पण त्या भागाला भिंतीच नाहीत, त्यामुळे किंमत त्याहून कमीच भरेल. म्हणजे मी कायद्याच्या आत आहे. शाब्बास फैयाज.

तेव्हा ही समोरची सोळा फूट जागा, काचेच्या छपरासकट, मी छबूबाई रंगनाथ हिला कायमच्या मालकीने देत आहे. घरातल्या लोकांना मधून चार फुटांची ये-जा राहील. जाता-येता "येऊ का" विचारण्याचे बंधन नाही. विचारले तर बरे दिसेल.

कलम ६. हे देण्याचे कारण लिहिणे कायद्याने आवश्यक नाही. तरी लिहिते, कारण ते दोन वर्षे गळ्यात अडकले आहे.

ओटा तोडायच्या दिवशी फैयाज छबूबाईसमोर मला म्हणाला, "अम्मी, घराच्या तोंडाशी चिंध्या बऱ्या दिसत नाहीत." माझ्या हातात चहाचा कप होता. छबूबाईने माझ्याकडे पाहिले. मी कपात पाहिले. तिने निम्मी शिवलेली गोधडी गुंडाळली, खळग्यातल्या सुया डबीत भरल्या आणि म्हणाली, "बरूबर हाय त्यांचं, बाई. नवं घर हाय. येते म्या." मी चहा संपवला. तो गार झाला होता, तरी संपवला.

फैयाजला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. तो चार दिवसांनी पुण्याला गेला. त्यानंतर घरात मी एकटी. छबूबाईला परत बोलावण्यापासून मला कोणी अडवले होते? कोणी नाही. मुलाने खर्च केला म्हणून मला भीड पडली. ज्या बाईने वर्गात पोरांना खरे बोलायला शिकवले, ती स्वतःच्या दारात गप्प बसली. छबूबाई आता बाजारतळाच्या कडेला पत्र्याखाली बसते असे कळले. दहा मिनिटांची वाट. दोन वर्षांत मी त्या बाजूने एकदाही गेले नाही. भाजीसुद्धा दुसऱ्याकडून मागवली. मला स्वतःची लाज वाटते. हे मृत्युपत्रात लिहिते आहे, म्हणजे कोणाला फाडता येणार नाही.

कलम ७. हे कलम आज, ११ एप्रिल रोजी, वाढवत आहे आणि ते वेगळ्या जागी बसून लिहीत आहे. अक्षर वाकडे आले असल्यास क्षमस्व.

आज सह्या करायच्या होत्या. माधुरी आली, साक्षीदार म्हणून निवृत्त पोस्टमन गहिनीनाथ आणि रंभाजी आले. सिटआउटवर बसायला गेलो तर खुर्च्या पोळल्या. गहिनीनाथ म्हणाले, "बाई, हितं सही केली तर शाई उकळंल." माधुरी म्हणाली, "मग छबूबाईंकडेच जाऊ या. जिला देताय तिला निदान विचारा तरी." नाही म्हणता म्हणता मी चपला पायात घातल्या. गेलो.

पत्र्याखाली छबूबाई गोधडी पसरून बसली होती. खाली ओटा होता. लहानसाच, अकरा फरश्यांचा, विटांवर बसवलेला. उजव्या हाताच्या फरशीत वाटीएवढा खळगा होता आणि त्यात सुया होत्या.

माझे पाय तिथेच थांबले. मी विचारले, "छबूबाई, ह्या फरश्या?"

"तुमच्याच. टेम्पोवाला उकिरड्यावर टाकाया निघाल्ता. म्या म्हनलं, दे हिकडं. रशीदभाईनं माझ्यासाठी कोरल्याली फरशी हाय, ती काय टाकून द्यायची? रंभाजीनं बसवून दिल्या." रंभाजी दुसरीकडे बघायला लागला. दोन वर्षे माझ्याकडे येतो-जातो, पण शब्द बोलला नाही लेकाचा.

"बसा की बाई. वटा तुमचाच हाय," छबूबाई म्हणाली.

मी बसले. पाय जमिनीला टेकले. मग मला रडू आले आणि मी चारचौघांत रडले. तेही नमूद करते. ती सुई चालवत राहिली. मी तिला सगळे सांगितले, कलम पाच वाचून दाखवले, एक तृतीयांशाचे गणितही समजावले. सोळा फूट तुझ्या नावावर केलेत, म्हणाले. तिने दात लावून दोरा तोडला.

"म्हंजी तुमी मरस्तवर म्या हितंच बसायचं व्हय? आन् म्या आदी गेले तर?"

मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतरच होतो, हे माधुरीने आठ दिवसांपूर्वीच सांगितले होते. मी ते कायद्याची बाब म्हणून ऐकले. मला वाटत होते, मी धाडस करते आहे. प्रत्यक्षात मी पुन्हा कपात बघत होते. फैयाजला राग यायचा तो मी मेल्यावर यावा, एवढीच माझी सोय होती.

सबब कलम पाच रद्द करीत आहे. समोरची जागा मी छबूबाईला हयातीत बक्षीस देत आहे. बक्षीसपत्र माधुरी वेगळे करील, कारण आमच्या कायद्यात बक्षीस दिलेल्या वस्तूचा ताबा लगेच द्यावा लागतो. जिवंतपणी द्यायचे तर एक तृतीयांशाची मर्यादाच नसते, असेही ती आता सांगते. म्हणजे उन्हात टेप धरून केलेले माझे गणित बरोबर होते आणि निरुपयोगी होते. छबूबाईची एकच अट आहे : "ती गुळगुळीत फरशी काडा. तिच्यावर सुई गावत न्हाई आन् गोधडी घसरती." रंभाजी सोमवारी सकाळी टाइल उखडायला येईल. ह्या अकरा फरश्या पहिल्यांदा बसतील, उजव्या टोकाला, खळग्याची फरशी होती तिथेच.

फैयाज, तू वाईट मुलगा नाहीस. तुला दिसणे समजते, बसणे समजत नाही. ते शिकवायचे माझ्याकडून राहिले. आज संध्याकाळी मी तुला स्वतः फोन करणार आहे. बकरी ईदला येशील तेव्हा ओट्यावर बस. जागा लागली तर छबूबाईला विचार, ती सरकून देईल.

या मृत्युपत्रात आता प्लास्टिकची हिरवळ, झोपाळा आणि ओळंबा यांखेरीज फारसे काही उरले नाही. तरीही ते कायम करते, कारण लिहायला दहा दिवस लागले आहेत.

लिहून देणार : बद्रुन्निसा रशीद शेख (सही)

वरील लिखाण बाईंनी आमच्यासमोर पूर्ण करून, मोठ्याने वाचून, डोळे पुसून सही केली, हे आम्ही पाहिले :
१. गहिनीनाथ नरवडे, निवृत्त पोस्टमन (सही)
२. रंभाजी ससाणे, गवंडी (सही)

मसुदा तपासला, शुद्धलेखनाच्या चुका नाहीत : अ‍ॅड. माधुरी साळवे (सही)

दिनांक : ११ एप्रिल २०२५
स्थळ : तिसगाव, बाजारतळाच्या कडेला, छबूबाईच्या ओट्यावर