डावीकडची विमानं

१२ जून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न.

फोन आईच्या खुर्चीशेजारीच असतो. तिच्या कागाळ्या तिच्यासमोर कशा करू? म्हणून हे पत्र.

मी जुने व्हिडिओ गेम जमवतो त्याला तू भंगार म्हणतेस ना, त्या भंगारानं आईला वेड लावलंय! परवा बाजारात एक मिळाला. कॅसेटची टोकं स्पिरिटनं पुसली, तुटलेल्या वायरीला डाग दिला आणि बेटा सुरू झाला. दोन्ही बाजूंनी विमानं येतात, ती पाडायची. आई उजवीकडचं एकही सोडत नाही, डावीकडचं मात्र दरवेळी येऊन आदळतं. वर म्हणते, कॅसेटच लबाड आहे, विमान आधी दिसतच नाही. नाचता येईना अंगण वाकडं!

तिचा शिवणाचा क्लास जोरात आहे. रोज स्कूटरवर जाते.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
धाकटा

१६ जून

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं नाही रे. आधी दिसतच नाही, हे तिचं बोलणं डोक्यातून जात नाही. मी आले होते तेव्हा ती डाव्या खांद्यानं दाराच्या चौकटीवर आपटली होती. मला वाटलं, घाई.

तिला तुझ्या नाकाकडे बघायला सांग आणि डावीकडे बोट हलव. स्कूटरची किल्ली आजच दडव, काहीही थाप मार. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय.

लगेच कळव.
तुझी ताई

२१ जून

ती. ताईस,
सा. न.

बोट नाकाजवळ येईपर्यंत तिला दिसलं नाही. माझा चेहरा बघून ती काय ते समजली. किल्लीवरून मात्र घर डोक्यावर घेतलं.

डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, दोष मागे आहे. मेंदूच्या फोटोत गाठ दिसली. सर्जनना ती साधी वाटते, पण काढून तपासल्याशिवाय खात्री देत नाहीत. आईला म्हणे संशय होताच. आपण तिच्या हातातली कात्री काढून घेऊ, या भीतीनं गप्प बसली.

तू ये. संमतीच्या कागदावर एकट्यानं सही करायला माझा हात धजत नाही.
धाकटा

२ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तू परत गेल्यावर घर मोठं वाटतंय. ऑपरेशनात काढलेल्या गाठीच्या तपासणीचा निकाल आला. गाठ साधीच होती. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, आईला सांगू नकोस. डावीकडचं पुष्कळसं दिसू लागलंय, खालचा कोपरा अजून अंधारा आहे. तो उजळेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

काल तिनंच गेम लावायला लावला. ती पडद्याकडे बघत होती, मी तिच्या डोळ्यांकडे. डावीकडचं एक विमान सुटलं तसं मी वळून पडद्याकडे पाहिलं. दिसलं होतं, बोट चुकलं, असं म्हणाली. खरं का, हे विचारायचा धीर झाला नाही. संध्याकाळी रस्ता ओलांडताना मात्र तिनं आपणहून माझा दंड धरला, आणि पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही.

तिथून जीव लावतेस तसाच लावत राहा.
धाकटा