शेवग्यावर सुरवंट

७ जुलै
सकाळी इस्त्रीची गाडी उघडली तर शेवग्याचा बुंधा केसाळ दिसला. जवळ गेले. सुरवंट! एकाला एक चिकटून. ह्यांना दाखवलं. "पावसाळा हाय, जातील आपोआप." गाडी जरा पुढं ओढली, पण पुढं सावली नाही. परत मागं. दिवसभर मान खाजत होती. खरंच की नुसता भास...

९ जुलै
समोरच्या पाटीलवहिनी त्यांच्या अनूचा शाळेचा ड्रेस घेऊन आल्या. पोरीच्या मानेवर, पाठीवर लाल गांधी. रडून रडून डोळे सुजलेत म्हणे. "तुझ्याकडनंच आला ना गं हा, सुनीता? झाड पाडून टाक, नाहीतर मी पाडायला लावते." घडी मीच घातली होती.

१० जुलै
ह्यांना धीर नाही. बांबूला चिंध्या बांधल्या, डिझेल ओतलं, पेटवून बुंध्यावर धरलं. चरचर आवाज, घाण वास. सालही जळाली.
"झाड मरंल की!" मी ओरडले.
"मग गिऱ्हाईक तोडू?"
गाडी लावली त्या वर्षी शेवग्याची फांदी ह्यांनीच मातीत खोचलेली. संध्याकाळी बघतेय तर वरच्या फांद्यांवरनं आणखी खाली उतरले होते.

१२ जुलै
अकलूजच्या ताईला फोन. तिच्या रानात शेवगाच हाय. "जाळू नका गं. टबात साबणाचं पाणी घे, तोंड बांध, झाडूनं खाली पाड." नवी पेठेतनं रबरी हातमोजे आणले. टब सुरवंटांनी भरला. वरच्या फांद्यांना शिडी पोचत नाही. इस्त्री घरात करतेय, तरी कपडे येईनात.

१४ जुलै
वहिनींनी झाड तोडणारा आणला. "बुडापासनं घ्यायचं?" त्यानं विचारलं. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. एप्रिलचं ऊन, हातात तापलेली इस्त्री, आणि डोक्यावर काहीच...
"फांद्या घ्या. बुंधा ठेवा. शेवगा फुटतो."
"आणि नाही फुटला तर?" वहिनी.
"तर पाडा."
म्हणाले खरं. जळक्या सालीकडं बघवत नव्हतं.
फांद्या कोसळल्या तसे सुरवंट सैरावैरा. थेट वहिनींच्या घराची भिंत चढायला लागले. मी केरसुणी घेऊन धावले. वहिनीही आतनं आल्या, तोंडाला पदर बांधून. दोघी झाडत राहिलो. दिवेलागणीला वहिनी थांबल्या.
"सुनीता, आमची मागची भिंत बघितली का गं कुणी?"
कुणीच नव्हती बघितली.