हाकीमसाहेबांसाठी हिरवं

मार्गिलान, ४ मे

प्रिय इल्हामअका,

सलाम. आम्ही सगळे ठीक. जर्दाळूंनी फळ धरलंय, तंदूर नव्याने लिंपला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

रस्त्याकडेचा गहू टोकांना करपलाय. भर दुपारी पानांवर खत मारल्यावर दुसरं काय होणार? "पानावरचं खत म्हणजे पुलावाबरोबरची कोशिंबीर, पुलाव मुळांनाच वाढावा लागतो," असं गावभर सांगत फिरणारा शेती अधिकारी तूच ना? गहू पिवळा पडला होता तो कालव्याचं पाणी आलं नाही म्हणून. पण जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या हाकीमसाहेबांची गाडी तिथून जाणार होती, त्यांना हिरवं दिसायला हवं होतं. मग तू उभं राहून रस्त्यालगतच्या तेवढ्या ओळी फवारून घेतल्यास. वर फेरी वाचावी म्हणून मावा कीड मारायचं औषधही त्याच टाकीत ओतलंस, तेही वाऱ्यात! साहेबांनी गाडीची काचसुद्धा खाली केली नाही म्हणे. किळस येते मला.

बांधावर तुती आहेत, हे विसरलास?

आईने त्याच तुतींचा पाला आणला. रेशमाच्या किड्यांची अंडी यंदाही तिने छातीशी पुरचुंडी बांधून उबवली होती, दबतील म्हणून कुशीवरसुद्धा वळत नव्हती. सकाळी खोलीत पाय टाकला तर सगळे किडे हिरवं ओकून मेलेले. मी फावड्याने ओढून खड्ड्यात टाकले. वास अजून माझ्या केसांतून जात नाही.

शेजारणी म्हणतात, नजर लागली. आई म्हणते, "माझाच हात वाईट झाला, आता नाही पाळणार." आणि तू माझा अका, थोरला भाऊ, म्हणून मी गप्प बसते, त्याचीही मला शिसारी येते. तू ये, आणि तिच्यासमोर बसून खरं काय ते सांग.

एवढं लिहिलं आणि आईच शेजारी येऊन बसली. म्हटलं, "अकाला लिहितेय, काही सांगायचंय?"

"फवारताना तोंडाला रुमाल बांध म्हणावं. त्या दुपारी सगळं त्याच्याच अंगावर उडत होतं."

"तू होतीस तिथे?"

"पाला काढत होते. मी विचारलं त्याला. म्हणाला, नुसतं खत आहे आई, खुशाल ने." मग माझा हात धरून म्हणाली, "हे मात्र लिहू नकोस हं."

लिहिलंय.

तू तिचा मुलगा आहेस, एवढ्याचसाठी अजून अका म्हणणारी,
मोहिरा