मॅकरोनीचं माप

वडवणी, शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९९६

आज सूड उगवला. लई बरं वाटतंय.

मागं पुण्याच्या थोरल्या जाऊबाईंनी सुटी मॅकरोनी आणली होती. दर दोनशे ग्रॅमला दोन चमचे तिखट, असं कृतीत होतं. घरात काटा न्हाई. त्याच म्हणाल्या, "या पेल्यात दोनशे ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे मॅकरोनीही दोनशेच." मी त्यांचं ऐकून तेवढंच तिखट घातलं. पाहुण्यांना ठसका लागला, तेव्हा ह्याच बाई सगळ्यांदेखत हसल्या, "सुमनला साधं माप कळत नाही!" साधं माप!

दुसऱ्या दिवशी तोच पेला भरून किराणा दुकानात नेला. पोकळ मॅकरोनी ती, काट्यावर शंभर ग्रॅमही भरली न्हाई. घरी कुणाला बोलले न्हाई. कशापायी बोलू?

आज त्यांच्या मुलीला बघायला माजलगावची मंडळी हितं आमच्याच घरी आली. जाऊबाईंनी स्वतः मॅकरोनी करायला घेतली, तोच पेला, तेच तिखट. सांगावं का? पोरीचं लग्न मोडलं तर? तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू लांबच राहा, माप चुकवशील." मग मिटलं.

पहिल्याच घासाला सगळे खोकले. जाऊबाई लगेच म्हणाल्या, "आमच्या सुमनने केलीय."

सासूबाई कोपऱ्यातून बोलल्या, "न्हाई गं, तूच केलीस की. मी हितंच बसलेय."

मुलाच्या आईनं डोळे पुसले आणि त्या हसल्या. "पोरगी पसंत हाय. फकस्त सैपाक आईकडून शिकवू नगा."

जाऊबाईंचा चेहरा! मी अदबीनं सगळ्यांना पाणी दिलं. त्यांना सगळ्यात शेवटी.