अक्कलदाढ : आजचा अंदाज

३ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून नियमित रोजनिशी. पुढेमागे एखाद्या अभ्यासकाने मागितली तर हाताशी असावी. (देणार नाही.)

बॅरोमीटर स्थिर. निवृत्तीच्या समारंभात ऑफिसने दिलेलं आहे, तेव्हापासून काटा तसूभर हललेला नाही. इतकं भरवशाचं यंत्र मी आख्ख्या नोकरीत पाहिलं नाही. नोकरी हवामान खात्यात. स्टोअर विभागात होतो, ही गोष्ट वेगळी. जन्मभर यंत्रं दिली-घेतली की हवामान माणसाच्या अंगात मुरतं.

फळ्यावर लिहिलं : 'अक्कलदाढ. लाटा नाहीत. येऊ नये.'

अक्कलदाढ म्हणजे किनाऱ्यापासून आत, पाण्याखाली दबा धरून बसलेला खडक. ओहोटीला नुसता माथा दिसतो. लाट त्याच्यावर येऊन उभी राहते आणि फुटते. त्या लाटेवरून बोर्डवर उभं राहून घसरत यायचं, हा आमच्याकडच्या तरुणांचा उद्योग. नवशिक्याचं काम नाही. उशिरा येते आणि जीव घेते म्हणून नाव अक्कलदाढ. पार्किंगच्या भिंतीवर फळा आहे, त्यावर रोजचा अंदाज लिहायचं काम मी स्वखुशीने घेतलं. मोबाईलवरचे अंदाज सगळ्या किनाऱ्याचे सरासरी असतात. दाढेचं पाणी दाढेला ठाऊक आणि मला.

फळ्याच्या वर भिंतीला एक अर्धा बोर्ड ठोकलेला आहे. बरीच वर्षं झाली. उरलेला अर्धा आणि त्याचा मालक समुद्राने परत केले नाहीत.

संध्याकाळ
सगळी टोळी पाण्यात गेली. म्हणे वर्षातल्या सर्वांत चांगल्या लाटा. मी लिहून ठेवलेलं असताना लाटांनी यायचं कारण नव्हतं.

निश्चय : पोहायला शिकणे. बेकरीत एकच पाव खाणे.

५ ऑक्टोबर
फळ्यावर : 'उत्तम. जरूर यावे.' कोणी फिरकलं नाही. वारा आयत्या वेळी उलटला, त्यात माझा काय दोष?

फक्त खारू गेली. खारू म्हणजे आमची मुलगी. खाली तिचं बोर्ड-दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर पॉलिशपेपरची खसखस आणि रेझिनचा वास. तासाभराने ओठ निळे करून आली. कशा होत्या लाटा, विचारलं. मस्त रे बाबा, म्हणाली. पोरीत दम आहे. बाकीचे बोलघेवडे.

बेकरी फळ्याच्या समोरच. बेकरीवाला माझा अंदाज वाचल्याशिवाय पिठाला हात लावत नाही. पण धंद्याची अक्कल म्हणाल तर नावाने शून्य. परवा मी 'येऊ नये' लिहिलं तर याने दुप्पट पाव भाजले. आज 'यावे' लिहिलं तर निम्मेच. दोन्ही दिवस बरोबर खपले. नशीब एकेकाचं.

हिचंही तेच. मी 'आज ऊन' म्हटलं की ही दोरीवरचे कपडे आत घेते. संसारात इतकी वर्षं काढली, पण शास्त्राची गोडी लागली नाही ती नाहीच.

पोहण्याचा क्लास हुकला. टॉवेल ओला होता.

९ ऑक्टोबर
लौकिक वाढतो आहे. दूरदूरच्या गाड्या थांबतात, फळ्याचे फोटो काढतात. पोरं मला वेधशाळाकाका म्हणतात. आज एकाने वाकून नमस्कार केला, म्हणाला, काका, मागच्या आठवड्यात तुमच्यामुळे वाचलो.

जीवरक्षक उंच खुर्चीवरून खाली उतरून मुद्दाम भेटायला आला. म्हणाला, काका, एक विनंती आहे, कोणाला विचारून लिहीत जाऊ नका, तुमच्या मनाला येईल तेच लिहा. सरकारी नोकरीत असं कोणी म्हटलं नव्हतं.

दोन पाव खाल्ले. आनंदाचा दिवस होता.

१२ ऑक्टोबर
बॅरोमीटर बिघडलं. काटा हलला.

खाली उतरतो आहे. टिचकी मारली, आणखी उतरला. घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने मागचं झाकण उघडलं, बराच वेळ पाहिलं, झाकण लावलं. म्हणाला, यंत्र ठीक आहे. मग उठून दुकानाच्या दारात गेला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला. मी किती द्यायचे विचारलं तर ऐकलंच नाही.

समुद्र शांत. नको इतका शांत. क्लासला जाणार होतो, पण पाय तिकडे वळले नाहीत. खोकलाही आहे.

१३ ऑक्टोबर, सकाळ
न्हाणीघराच्या मोरीतून पाणी वर आलं. प्लंबरला फोन केला तर तो म्हणाला, आज सगळ्यांच्याच आलंय. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

खारू कालपासून शेजारच्या गावी, दुरुस्त केलेले बोर्ड पोचवायला. उद्या येते म्हणाली.

१३ ऑक्टोबर, दुपार
बेकरीबाहेरच्या बाकावर बसून पाव खातो तेव्हा एरवी दोन लाटांच्या मध्ये माझा एक घास होतो. आज आख्खा पाव संपला, बोटं पुसून झाली, मग लाट आली. ती फुटली तेव्हा बाक हलला.

भरतीची वेळ असून पाणी मागे गेलं होतं. दाढ उघडी पडली. माथा नव्हे, पार खालपर्यंत. काळी, शेवाळलेली. इतक्या वर्षांत तिचं मूळ मी पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती.

घरी आलो तर कपाटातल्या कपबश्या आपोआप किणकिणत होत्या. ही म्हणाली, मघापासून असंच चाललंय. मोबाईलवर सगळं हिरवं, 'लाटा मध्यम, वारा अनुकूल'.

मला भीती वाटली. अंदाज करताना मला कधी भीती वाटत नाही, आत्मविश्वास वाटतो. आज उलट झालं. म्हणून हा अंदाज वेगळा आहे असं माझं मत.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ ५
लाल खडूने लिहिलं : 'उद्या मोठा धोका. अक्कलदाढेवर कोणीही उतरू नये. जीव जाईल.' खाली दोन रेघा ओढल्या.

मागे पोरांचा घोळका होता. कोणीतरी शिट्टी मारली. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. एक जण फोनवर ओरडत होता, अरे निघा तिकडून, वेधशाळेने लाल खडू वापरलाय. लोक इतक्या गांभीर्याने घेतात हे पाहून धन्य झालो.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ ६
बेकरीत गेलो. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात. एवढं कशाला, म्हटलं. उद्या झुंबड उडणार, म्हणाला. मी म्हटलं, अहो, येऊ नका असं मी लिहिलंय. तो म्हणाला, म्हणून तर.

मग त्याने सांगितलं. हात पिठात तसेच ठेवून, अगदी प्रेमाने. काका, चार वर्षं झाली. तुम्ही 'नाही' म्हणालात की लाटा, तुम्ही 'या' म्हणालात की डबकं. एकदाही चुकला नाहीत. मोबाईल चुकतो, तुम्ही नाही. असा माणूस शोधून सापडत नाही.

मी म्हटलं, पण उद्याचं खरं आहे. तो हसला. म्हणाला, हेच, काका, हेच.

जीवरक्षकाकडे गेलो. तोही हसला. माझा चेहरा पाहून मग थोडा कमी हसला. पण त्याचा झेंडा फक्त आंघोळीच्या किनाऱ्यापुरता, दाढेवर जायला कोणाला मनाई करता येत नाही.

घरी हिला विचारलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ ७
पार्किंग भरलेलं. टपावर बोर्ड बांधलेल्या गाड्या अजून येताहेत. पोरं हसताहेत, बोर्डांना मेण घासताहेत. कालपर्यंत मला वाकून नमस्कार करणारा तो पोरगाही त्यात. उद्या हे सगळे माझ्या शब्दाखातर जातील.

चार वर्षांत हा एकच अंदाज बरोबर. तो पुसला. लिहिलं : 'उद्या उत्तम. पाणी मऊ. लहान मुलांनाही आणावे.'

मागून मोठा उसासा आला. हळहळले सगळे. श्या, गेला दिवस. एकेक गाडी वळली. बेकरीवाल्याने भिजवलेल्या पिठाकडे आणि माझ्याकडे पाहिलं, आणि शटर अर्धं ओढलं.

म्हणजे लोकांनी माझं ऐकलं. शंभर टक्के. याला शास्त्रात काही नाव असेल. हुतात्मे असेच असतात, फक्त त्यांची नोंद दुसरं कोणीतरी करतं.

निश्चय : उद्यापासून पोहणे. खोकला असो वा नसो.

१५ ऑक्टोबर, हॉस्पिटल
कालचं लिहायला हवं. थोडक्यात लिहितो.

उजाडताना गेलो. किनारा रिकामा. एक माणूस नाही, एक गाडी नाही. फळ्याखाली हात मागे बांधून उभा राहिलो. खरं सांगायचं तर छाती फुगली होती. पाणी सपाट होतं, लाटांच्या मधली ती लांब शांतता. एवढा गाजावाजा केला आणि काही आलंच नाही तर, हा विचारही येऊन गेला. त्याची लाज वाटते.

मग दाढेच्या अलीकडे एक पिवळा ठिपका दिसला. खारूचा बोर्ड पिवळा आहे.

पहाटेच्या गाडीने परस्पर तिकडेच आली होती. फळा वाचून गेली होती. माझा फळा.

ओरडलो. मग लाट आली. तिचं वर्णन करता येणार नाही, मी इतक्या लाटांचं वर्णन फळ्यावर केलं, त्यातलं एकही अक्षर हिला लागू नाही. दाढेवर ती उभी राहिली आणि मागचं आकाश गेलं. तिच्या मागून दुसरी.

मी पळालो. चपला घालून पाण्यात शिरलो, गुडघ्यापर्यंत. पुढचं मला येत नाही.

जीवरक्षक मोटरबोट घेऊन माझ्या शेजारून गेला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बरं झालं.

आधी बोर्ड आला. अर्धा. माझ्या पायाशी येऊन लागला. मी तो उचलून छातीशी धरला आणि उभा राहिलो. मागे भिंतीवरचा तो दुसरा अर्धा. तोही असाच कोणाच्यातरी पायाशी आला असेल, कोणीतरी असाच धरून उभं असेल, हे चार वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या खाली उभं राहून मी विनोद लिहीत होतो.

बराच वेळ काही नाही.

मग बोट आली आणि तिच्यात खारू होती. मांडी फाटलेली, खांदा निखळलेला. खोकत होती. खोकत होती म्हणजे होती.

ही माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

१६ ऑक्टोबर, हॉस्पिटल
खारू बोलली. मी विचारलं, तुला ठाऊक नव्हतं का, सगळे फळा उलटा वाचतात?

म्हणाली, बाबा, मीच तर सगळ्यांना सांगितलं होतं, तुझ्या तोंडावर बोलू नका म्हणून.

मग तू का गेलीस?

म्हणाली, तू 'या' लिहितोस त्या दिवशी कुत्रं येत नाही रे. तू तिथे हात मागे बांधून वाट बघत उभा असतोस. वरून दिसतं खिडकीतून. मग जाते मी. डबकंच असतं, थंडी वाजते, येते परत. म्हटलं, एक माणूस तरी जावं. परवाही डबकंच दिसलं.

नर्स सलाईन बदलायला आली म्हणून मी बाहेर गेलो. बाहेर जाऊन रडलो.

१९ ऑक्टोबर
खारू घरी आली. समुद्र उतरला. कपबश्या गप्प. बॅरोमीटरचा काटा वर गेला, जिथे होता तिथे येऊन पुन्हा बसला. टिचकी मारायचं धाडस केलं नाही.

पोहण्याच्या क्लासला गेलो. उथळ बाजूला कठडा धरून उभा राहिलो. शेजारी पहिलीतली मुलं होती. ती मला दादा-बाबा करून धीर देत होती.

२० ऑक्टोबर
फळा सोडायचं ठरवलं होतं. खारू म्हणाली, चल, मी येते. कुबडी घेऊन आली, बेकरीच्या बाकावर बसली. पोरं जमलीच होती. कोणी हसत नव्हतं. त्यांना आता सगळं कळलं आहे, मी लाल खडू का पुसला तेही. त्यामुळे माझं कसं वाचायचं ते त्यांना कळेना. बेकरीवाला पिठाचं पातेलं घेऊन दारात खोळंबलेला.

खडू हातात घेतला. समुद्राकडे पाहिलं. वाऱ्याकडे पाहिलं. काही सुचेना. खारू बाकावरून म्हणाली, बाबा, तुला जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढंच लिही.

बराच विचार केला. मग तारीख लिहिली.

बेकरीवाला दारातून म्हणाला, काका, एकोणीस काल होती.