राखेची टोपली

३ मार्च, सोमवार

आज मेणात दात बसवताना दोनदा चुकले. सुळ्याच्या जागी दाढ! त्या कवळीला बोलता आलं असतं तर तिनेच मला शिव्या घातल्या असत्या. मालक म्हणाले, "लक्ष कुठंय आज?" म्हटलं, झोप झाली नाही. लॅबमध्ये दिवसभरात माझं बोलणं ते एवढंच.

पण काल संध्याकाळी! सगळं गाव घाटावर बसून माझं ऐकत होतं. गाव म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. लोहार, सराईवाली, दिवेवाला, आणखी दहा-बारा जण. घरी कोण काय करतं कुणाला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही, तिथला कडक नियम तेवढा एकच. मी म्हातारी नावाडीण. कॉम्प्युटर माझा आवाज घोगरा करून देतो. उतारूंना पैलतीरी सोडायचं आणि वल्ही मारता मारता काहीतरी सांगायचं. खरी नाव आयुष्यात एकदाच पाहिली, तीही काठावरून. पण तिथे मी जरा थांबले की म्हणतात, "मग? पुढे काय झालं, आजी?" असं मला दुसरं कोण विचारतं?

काल विचारलं, आजी, तू या नदीवर आलीस कशी? आणि मी सांगून टाकलं. चुलीतली राख टाकायला टोपली घेऊन निघाले. तान्ही लेक घरात झोपलेली. उकिरड्यापाशी पोचले तर समोर नाव उभी. चढले! का चढले ते माहीत नाही. राखेची टोपली हातातच. तीन दिवस ती टोपली टाकली नाही, कारण घरातली तेवढीच वस्तू जवळ होती. मग एका संध्याकाळी पाण्यावरून लेकीचं रडणं ऐकू आलं आणि परत फिरले.

सराईवाली रडली. खोटं खोटं नाही, माइकवर नाक ओढल्याचा आवाज आला. लोहार म्हणाला, "आजी, तुला हे सुचतं कुठून?"

"सुचतं," म्हणाले मी. किती सहज!

५ मार्च, बुधवार

सुचलंबिचलं काही नाही. वहिनीचं आहे ते सगळं.

निदान इथे तरी सरळ लिहावं. तेव्हा दादा कामासाठी बाहेरगावी होता आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. वहिनी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेली ती आलीच नाही. कचरापेटीसमोर बसथांबा, बस आली, ती चढली. घरातल्या गाऊनवर, हातात कचरा. थेट शाळेतल्या मैत्रिणीच्या दारात. मैत्रीण म्हणाली, "हे काय, माझ्यासाठी आणलंस?" तीन दिवस मी बाळाला बाटलीने दूध पाजलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, वहिनी माहेरी गेलीय. परत आल्यावर तिने सगळं सांगितलं, हसत हसत, मग हुंदके देत. म्हणाली, "पोटात ठेव. ह्यांना नाही आणि हिला तर कधीच नाही." हिला म्हणजे मांडीवरच्या भाचीला. मी भाचीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

इतकी वर्षं ठेवलंही होतं. मग बाहेर काढलं ते कशासाठी? पंधरा लोकांनी "आजी, आजी" करावं म्हणून!

आज सराईवालीचा निरोप. रविवारचं सगळं तिने रेकॉर्ड केलंय. "इतकं सुंदर आहे, बाहेर लोकांसाठी टाकू का? तुझी परवानगी असेल तरच."

हो म्हटलं. चहाचा कप खाली ठेवायलाही थांबले नाही.

६ मार्च, गुरुवार

दिवसभरात पाच-सहा वेळा उघडून बघितलं, किती जणांनी ऐकलं ते. हातमोजे काढायचे, बघायचं, परत घालायचे. मालकांना वाटलं, पोट बिघडलंय.

९ मार्च, रविवार

अक्षर कसं येईल ते येवो, आज लिहायलाच हवं.

दुपारी दादाकडे गेले होते. वहिनी ओट्यापाशी मटार सोलत होती, मी कांदा चिरत होते, दादा बाहेर पंखा दुरुस्त करतो म्हणून तो आणखी बिघडवत होता. भाची फोन घेऊन आत आली. "आत्या, हे ऐक! आमच्या वर्गात सगळ्यांनी ऐकलंय. एक आजी आहे, कसली सांगते!"

आणि माझा घोगरा आवाज स्वयंपाकघरात सुरू झाला.

बंद कर म्हणायचं होतं. कांदाच चिरत राहिले. राख आली, झोपलेली लेक आली, उकिरडा आला. टोपली हातातच राहिली इथपर्यंत आलं आणि वहिनीचे हात थांबले. वर बघितलं नाही तिने. एक शेंग अर्धी उघडून तशीच धरून बसली होती. "घरातली तेवढीच वस्तू जवळ होती." हे तर तिचं वाक्य, जसंच्या तसं! मी एक शब्दही बदलला नव्हता, कारण बदलून बघितलं होतं आणि ते इतकं चांगलं होत नव्हतं.

भाचीचे डोळे भरले होते. म्हणाली, "मला त्या बाईचा राग पण येतो आणि वाईट पण वाटतं. आणि त्या बाळाचं काय गं?" मी म्हटलं, कांदा लागतोय डोळ्यांना, नंतर बोलू.

निघताना वहिनीने दारात चपला सरळ करून ठेवल्या माझ्या. म्हणाली, "या हं, वन्सं."

वन्सं! लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला बजावलं होतं, असलं काही म्हणायचं नाही, नावाने हाक मार. तेव्हापासून एकदाही म्हणाली नव्हती.

१० मार्च, सोमवार

मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१२ मार्च, बुधवार

सराईवालीला लिहिलं, काढून टाक. तिने लगेच काढलं, बिचारी. "काही चुकलं का माझं?" असंही विचारलं. तिचं काय चुकणार? तिने परवानगी मागितली होती. मी दुसऱ्याच्या घराची किल्ली काढून दिली आणि वर थाटात म्हटलं, या, बसा!

पण लोकांनी तुकडे काढून पुढे पाठवलेत. कुणी त्याला संगीत लावलंय. राखेच्या टोपलीचं चित्रसुद्धा काढलंय एकाने. सुरेख काढलंय, हेही लिहायची लाज वाटते.

वहिनीला तीन वेळा फोन केला. उचलला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

वहिनी आज लॅबवर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी साच्यात प्लास्टर ओतत होते, कोपरापर्यंत पांढरी. जिन्यात उभ्या राहून बोललो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली.

"पिशवीची टोपली केलीस. बसची नाव केलीस. मला म्हातारी केलंस. एवढी मेहनत घेतलीस तर सगळीच खोटी रचायची होतीस की."

मी म्हटलं, आवाज बदललेला होता, नाव नव्हतं, गाव नव्हतं, कुणाला कळणार नाही असं वाटलं. आणि मग माझ्या जिभेला काय हाड! म्हणाले, "वहिनी, बाळ तेव्हा मीच सांभाळलं होतं. थोडी माझीही गोष्ट आहे ती."

"मग तुझी सांग ना! तीन दिवस दुसऱ्याचं पोर उराशी धरून बसलीस. घाबरलीस, खोटं बोललीस, रडली असशील. ती का नाही सांगितलीस?"

त्या गोष्टीत मी नुसती दूध गरम करते. ती ऐकून कोण नाक ओढणार होतं?

जाता जाता दोन पायऱ्या उतरून थांबली. "लेकीचं रडणं ऐकू आलं म्हणून परत आले, हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. ते मी पदरचं घातलं होतं. शेवट गोड व्हावा म्हणून.

"मी परत का आले ते विचारलंस कधी? जगाला सांगितलंस. मला विचारलं नाहीस." मग म्हणाली, "तिला अजून कळलेलं नाही ते बाळ कोण. पण ती सारखी तेच ऐकत बसते. मला रोज भीती वाटते, आज विचारेल. आणि विचारलं तर तिच्याकडे बघून खोटं बोलता येणार नाही मला."

हात धुतले तरी नखांत प्लास्टर राहिलंच. दुपारनंतर काही काम केलं नाही.

१५ मार्च, शनिवार

खेळ उघडला नाही. करमत नाही. आणि करमत नाही याचीच लाज वाटते. ज्याच्यापायी हे सगळं झालं त्याचीच आठवण! संध्याकाळ झाली की वाटतं, उतारू घाटावर ताटकळले असतील. कसले उतारू! चित्रातली माणसं.

नाही, चित्रातली नाहीत. सराईवाली खरंच रडली होती.

१८ मार्च, मंगळवार

नावाडिणीच्या नावावर येणारे निरोप साठले होते. आज पुसून टाकावेत म्हणून बसले. बहुतेक सगळे "आजी, कुठे गेलीस" असलेच. एक लांबलचक होता. पहिल्या दोन ओळींतच ओळखलं. भाची शाळेच्या निबंधात करते त्याच चुका!

"आजी, मी चौदा वर्षांची आहे. तुमची गोष्ट मी खूप वेळा ऐकली. तुम्ही त्या मुलीला नंतर कधी सांगितलंत का? ती मोठी झाली असेल ना? मी तिच्या जागी असते तर मला कळायला हवं होतं. मी रागावले असते पण मग मला आईजवळ बसावंसं वाटलं असतं. माझी आई कधीकधी खिडकीत उभी राहून बसकडे बघत बसते. मला वाटतं तिला पण कुठेतरी जायचं असेल. मी विचारत नाही."

परत वाचलं. परत वाचलं. माझ्या भाचीने मनातलं सगळ्यांत आतलं बोलायला माणूस निवडलं, ते मी. आणि मी म्हणून निवडलं नाही, कोणीतरी भलतीच म्हणून निवडलं! मी आत्या म्हणून तिच्यासमोर बसलेली असताना तिने मला यातलं काही सांगितलं असतं? मी कधी विचारलं तरी?

उत्तर लिहायला घेतलं. "बाळा," एवढं लिहिलं आणि खोडलं. त्या आवाजात आता तिच्याशी एक अक्षर बोलले तर माझ्यासारखी नीच मीच.

१९ मार्च, बुधवार

तो निरोप वहिनीला पाठवला. हेही बरोबर केलं की चूक, कळत नाही. पोरीने विश्वासाने लिहिलेलं मी तिच्या आईला दाखवलं, म्हणजे पुन्हा एकाचं दुसऱ्याला! पण मी नुसतं दाबून बसले असते तर त्या दोघी एकाच घरात, एकाच खिडकीशी, आणि मधलं सगळं फक्त मला ठाऊक. ते सहन झालं नाही.

खाली एवढंच लिहिलं: "वहिनी, मी तिला काहीही उत्तर दिलेलं नाही. देणार नाही. तू सांगशील ते करीन."

तिने वाचलं. उत्तर नाही.

२१ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. दादाचा फोन आला तेव्हा वाटलं, त्याला कळलं! पंख्याबद्दल होता. शेवटी नवीन आणला म्हणे.

२२ मार्च, शनिवार

ठरवलं. उद्या खेळात शेवटचं जायचं; सराईवालीने तसं सगळ्यांना कळवूनही टाकलं. आवाज बदलायचा नाही, माझ्याच आवाजात सांगायचं की टोपलीची गोष्ट माझी नव्हती, न विचारता घेतली होती. कुणाची ते सांगायचं नाही. मग नावाडीण कायमची पुसून टाकायची. दुपारभर वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्यात मीच बिचारी दिसते. सगळी फाडली.

२३ मार्च, रविवार

गाव घाटावर जमलं होतं. मी माझ्या आवाजात "ऐका" म्हणाले आणि सगळे माझ्याकडे वळले. तेवढ्यात एक नवीन बाई आली. सराईच्या भिंतीला धडकली, घाटावरून पाण्यात पडली, पुन्हा चढली, पुन्हा पडली. लोहाराने हात देऊन नावेत बसवली. मग ती बोलली आणि मी आवाज ओळखला. वहिनी!

"हिने सांगितली ती गोष्ट माझी आहे. शेवट हिने घरचा लावलाय. मुलीचं रडणं वगैरे काही ऐकू आलं नव्हतं मला. तीन दिवसांत तिची एकदाही आठवण आली नाही. तिसऱ्या दिवशी ते लक्षात आलं आणि इतकी घाबरले की तशीच धावत घरी आले." आवाज अगदी बारीक झाला, पुढचं कुणालाच कळेना.

आणि तिच्या मागून, अगदी जवळून, भाचीचा आवाज आला.

"आई, माइक तोंडाशी धर. त्यांना ऐकू येत नाहीये."